समुद्र नसलेल्या गावातून समुद्रात प्लास्टिक कसे पाठवावे
नवशिक्या पूर्णेकरांसाठी मार्गदर्शिका

प्रस्तावना

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. त्यामुळे समुद्रातले प्लास्टिक म्हणजे मुंबईवाल्यांचा उद्योग, आपला त्यात हात नाही, असा एक न्यूनगंड पूर्णा तालुक्यात आढळतो. तो सोडून द्यावा. आपले शहर पूर्णा नदीच्या काठावर आहे. ही नदी खाली कंठेश्वरजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी जाते बंगालच्या उपसागरात. आरक्षण नाही, तिकीट नाही, टीसी नाही. हात मोकळा सुटला की काम झाले.

ही मार्गदर्शिका अगदी नवख्या माणसासाठी आहे. पोहता येण्याची अट नाही. दहावीला भूगोलात काठावर पास झालेला असला तरी चालेल. नापास असल्यास उत्तम, काम करताना मन खात नाही.

पायरी पहिली: नदी नीट ओळखून घ्यावी

पूर्णा नावाची नदी एकच नाही. आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि येलदरी, सिद्धेश्वर या धरणांमधून आपल्याकडे येते. दुसरी पूर्णा विदर्भाची. ती सातपुड्यातून निघून अमरावती, अकोला, बुलढाणा करत चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापीबरोबर सुरतेवरून अरबी समुद्रात उतरते. तिसरी पूर्णा गुजरातेत, नवसारीला. नाव एक आणि समुद्र दोन, तेव्हा माल पाठवण्याआधी खात्री करावी.

पूर्णा जंक्शनवरून अकोल्याच्या गाडीत बसणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. वसमत, हिंगोली भागात खिडकीतून भिरकावलेली वस्तू गोदावरीच्या खोऱ्यात पडते, म्हणजे बंगालच्या उपसागराच्या वाट्याला जाते. वाशिम मागे पडून गाडी अकोल्याकडे उतरू लागली की खोरे बदलते. तिथली वस्तू काटेपूर्णा नाहीतर मोर्णा नदीवाटे विदर्भाच्या पूर्णेत आणि तिथून अरबी समुद्राकडे. चहाचा कप पूर्वेला आणि त्याच चहाबरोबरच्या बिस्किटाचा कागद पश्चिमेला, ही किमया एका बैठकीत साधायची तर हाच मार्ग धरावा.

पूर्णेपासून सरळ रेषेत मोजले तर अरबी समुद्र जवळ आणि बंगालचा उपसागर लांब आहे. पाणी मात्र अंतर बघत नाही, उतार बघते.

पायरी दुसरी: माल निवडावा

सगळे प्लास्टिक तरंगत नाही. नवशिके इथेच फसतात आणि मेहनतीचा माल नदीच्या गाळात घालवून बसतात. म्हणून घरी बादलीभर पाणी घेऊन आधी चाचणी करावी.

पाण्याची बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची असते. पेट पाण्याच्या जवळजवळ १.३८ पट जड. झाकण न लावता टाकलेली बाटली भरते आणि बुडते. तिचे झाकण मात्र पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलिनचे, म्हणजे पाण्यापेक्षा हलके. ते कितीही दाबले तरी वर येते. झाकण एकदा बोटांत धरून पाहावे: कडेला पकड मिळावी म्हणून उभ्या बारीक रेघा, आत आटे, खाली सील तुटल्यावर राहिलेले कडीचे दात. वजन एखाद-दोन ग्रॅम. वारा त्याला फारसा अडवू शकत नाही, माशाला दिसले तर तो ते गिळू शकतो, पण ते कुजत मुळीच नाही. लांबच्या प्रवासासाठी याच्याइतका काटक प्रवासी मिळणार नाही. नवख्यांनी झाकणापासूनच सुरुवात करावी.

इतर चांगला माल: पाण्याचे पाऊच, दुधाची पिशवी, पिशवी फाडताना सुटलेला तिचा कोपरा, वेफर्सचे पाकीट, लग्नातल्या थर्माकोलच्या वाट्या, अंगठा तुटलेली चप्पल. एकच पथ्य पाळावे. भंगारवाला ज्याचे पैसे देतो ती वस्तू निवडू नये, कारण ती कोणीतरी मध्येच उचलतो. गुटख्याची पुडी या दृष्टीने आदर्श. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, त्यामुळे पुड्या सगळीकडे सापडतात आणि त्यांना किलोला कोणी विचारत नाही.

पायरी तिसरी: मुहूर्त धरावा

उन्हाळ्यात नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त असते. तेव्हा टाकलेला माल जागच्या जागी पडून राहतो, गाईच्या पोटात जातो किंवा कोणीतरी काडी लावतो. तरीही टाकणे थांबवू नये. साठा करावा. नदीपर्यंत चालत जाण्याचीही गरज नाही, घरासमोरची नाली पुरते. मृगाचा नाहीतर आर्द्राचा पहिला दांडगा पाऊस येतो आणि चार महिन्यांची शिल्लक एका रात्रीत उचलून नेतो.

मुहूर्ताला कायद्याचाही आधार आहे. नांदेड जिल्ह्यात धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्याच्या पाण्यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश भांडले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निकाल दिला, त्यानुसार दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याचे सगळे १४ दरवाजे वर उचलून ठेवावे लागतात. निकाल पाण्यासाठी होता, पण वाट उघडली ती पाण्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकासाठी. योगायोग असा की देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर बंदी आली तीही १ जुलैलाच, २०२२ साली. दोन्ही कार्यक्रम एकाच दिवशी साजरे करता येतात.

पायरी चौथी: संगमावर सराव करावा

हा या अभ्यासक्रमाचा गाभा आहे, घाई करू नये. पूर ओसरू लागला की संगमाच्या काठी उभे राहावे, पायाखालची माती घट्ट आहे ना ते बघून. दोन नद्या मिळतात तिथे दोन्ही पाणी लगेच एकजीव होत नाही. मध्ये एक रेघ पडते. एका बाजूचे पाणी जरा गढूळ, दुसऱ्या बाजूचे जरा कमी. त्या रेघेवर मळकट फेस साचलेला असतो आणि फेसात थर्माकोलचे मणी, पऱ्हाटीच्या काड्या, निर्माल्याची गाठ मारलेली पिशवी, एखादी चप्पल. नदी एवढी रुंद, पण मंडळी सगळी एका ओळीत.

कारण सोपे आहे. दोन्ही बाजूंनी पाणी त्या रेघेकडे येते. आलेल्या पाण्याला जायला जागा हवी, म्हणून ते रेघेपाशी खाली बुडी मारते. थर्माकोलला बुडी मारता येत नाही. तो वरच राहतो, मागून दुसरा येतो, त्याच्यामागून तिसरा. प्रवाह कचरा ओढून आणतो हे अर्धेच खरे. प्रवाह फक्त पाणी आणतो आणि पाणी घेऊन जातो. जे त्याच्याबरोबर खाली जाऊ शकत नाही ते मागे उरते.

पाणी बुडते, तरंगणारे उरते. एवढे पाठ झाले की पुढे नवीन शिकायचे काही नाही. पुढे फक्त रेघ मोठी होत जाते.

पायरी पाचवी: धरणे पार करावीत

या पायरीवर बहुसंख्य उमेदवार गळतात. नांदेडजवळ विष्णुपुरी, मग बाभळी, मग तेलंगणात श्रीरामसागर, ज्याला आपली जुनी माणसे पोचमपाड म्हणतात. त्यात शिरताच पाण्याला वेग राहत नाही. माल वाऱ्याने काठाला लागतो, जलपर्णीत आणि बाभळीच्या फांद्यांत अडकतो, पाणी उतरले की चिखलात वाळतो आणि पुढच्या पुरात पुन्हा रांगेत लागतो. काहींची इथे वर्षे जातात. खाली गडचिरोलीत सिरोंच्याजवळ प्राणहिता येऊन मिळते, तिथे मेडीगड्डाचा बंधारा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. शेवटचा नाका म्हणजे राजमहेंद्रीजवळचे धवलेश्वरम, जिथला मूळ बंधारा सर आर्थर कॉटनने १८५२ मध्ये बांधून पुरा केला.

निराश होऊ नये, पण वस्तुस्थिती सांगणे कर्तव्य आहे. नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचा जगभराचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे निघाले की मोठ्या लांब नद्यांपेक्षा किनाऱ्याजवळच्या शहरांतून वाहणाऱ्या छोट्या नद्या या कामात पुढे आहेत. गोदावरी १,४६५ किलोमीटरची, मुंबईची मिठी जेमतेम १८. पण मिठीत टाकलेल्या पिशवीला वाटेत पोचमपाड लागत नाही. मराठवाड्याच्या अनुशेषात ही एक बाब अजून कोणी मांडलेली नाही.

पायरी सहावी: समुद्रात उतरल्यावर दिशा धरावी

धवलेश्वरमनंतर गोदावरी गौतमी आणि वसिष्ठा अशा फाट्यांनी समुद्रात शिरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्याने ते समुद्रावर पातळ थरासारखे पसरते. या थराची कड जिथे संपते तिथे पुन्हा तीच रेघ, तोच फेस. संगमावर नीट सराव केलेल्याला इथे घरच्यासारखे वाटेल.

यानंतर प्रवासी स्वतःच्या मर्जीचा राहत नाही. भारताच्या पूर्व किनाऱ्याने वाहणारा प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतो. फेब्रुवारी ते मे तो उत्तरेकडे, ओडिशा-बंगालच्या बाजूला जातो. ऑक्टोबर ते डिसेंबर दक्षिणेकडे, चेन्नईवरून श्रीलंकेकडे. आपला माल पावसाळ्यात उतरतो, काही काळ मुखाच्या आसपास घुटमळतो आणि दिवाळीच्या सुमाराला दक्षिणेची वाट धरतो. हिवाळ्यात बंगालच्या उपसागराचे काही पाणी श्रीलंकेला वळसा घालून लक्षद्वीपच्या समुद्रात येते आणि त्याच दिवसांत पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह केरळाकडून उत्तरेला वाहत असतो. म्हणजे पूर्णेतल्या नालीतले झाकण तत्त्वतः कोकणात मालवणला लागू शकते. कोकणातल्या पाहुण्यांकडे जायला हा फार लांबचा रस्ता आहे, पण रस्ता आहे.

हे सगळे आम्ही मनाने रचलेले नाही. गोव्यात दोना पावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या किनारी प्रवाहांच्या उलटसुलट फेऱ्या मोजून लिहून ठेवल्या. आणि समुद्राच्या लाटांचे, प्रवाहांचे अंदाज रोज देणारी केंद्र सरकारची संस्था, इन्कॉइस, आहे हैदराबादेत. पूर्णेहून काचीगुड्याच्या गाडीत बसावे आणि उतरावे. म्हणजे समुद्राचे काम करायला समुद्र असावाच लागतो असे केंद्र सरकारही मानत नाही.

इथे एक इशारा. उपसागराच्या उत्तरेला जमीन आहे आणि वारे दर सहा महिन्यांनी फिरतात, त्यामुळे उत्तर हिंदी महासागरात कचऱ्याचा कायमचा पट्टा जमत नाही. जमायला लागले की मोसमी वारे मोडून टाकतात. बरेचसे प्लास्टिक इकडून तिकडे जाता जाता कुठल्या तरी किनाऱ्यावर फेकले जाते. मुंबईत पावसाळ्याच्या भरतीनंतर जुहू-दादरच्या वाळूवर जे दिसते, तोच हा प्रकार. म्हणून मोठ्या पट्ट्यात प्रवेश हवा असेल तर विषुववृत्त ओलांडावे लागेल.

पायरी सातवी: मोठ्या पट्ट्यात प्रवेश

जगात असे पाच पट्टे आहेत: प्रशांत महासागरात दोन, अटलांटिकमध्ये दोन, दक्षिण हिंदी महासागरात एक. ते कसे बनतात हे समजायला समुद्राची नाही, उभे राहण्यापुरत्या जागेची गरज आहे.

फ्रिट्यॉफ नान्सेन या नॉर्वेच्या संशोधकाने आपले फ्राम हे जहाज ध्रुवाकडच्या बर्फात अडकवून घेतले आणि ते १८९३ ते १८९६ या काळात वाहत राहिले. त्याला दिसले की बर्फ वाऱ्याच्या दिशेने जात नाही, वाऱ्याच्या उजवीकडे सरकतो. स्वीडनच्या व्हाल्फ्रिड एकमनने १९०५ मध्ये त्याचे गणित मांडले. पृथ्वी फिरते म्हणून वाऱ्याने ढकललेले पाणी उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते. वरचा थर खालच्याला ओढतो, तो आणखी वळतो. सगळ्या थरांची बेरीज केली की एकूण पाणी वाऱ्याशी काटकोन करून उजवीकडे जाते. दक्षिण गोलार्धात डावीकडे.

आता उभे राहावे. विषुववृत्ताच्या वरच्या बाजूला व्यापारी वारे पश्चिमेकडे वाहतात. पश्चिमेकडे तोंड करावे आणि उजवा हात लांब करावा. हात उत्तरेला जातो, पाणीही तिकडेच. आणखी वरच्या अक्षांशांत पश्चिमी वारे पूर्वेकडे वाहतात. पूर्वेकडे तोंड करावे, उजवा हात दक्षिणेला. म्हणजे दोन्हीकडचे पाणी मधल्या भागात लोटले जाते. तिथे समुद्राला फुगवटा येतो, उंची जेमतेम मीटरभर, आणि त्याभोवती हजारो किलोमीटरचे प्रवाह गोल फिरत राहतात. मध्ये लोटलेले पाणी फार सावकाश खाली उतरते. झाकण उतरत नाही. संगमावरची रेघ ती हीच, फक्त इथे तिची लांबी-रुंदी दिसत नाही.

सगळ्यात नावाजलेला पट्टा उत्तर प्रशांत महासागरातला. चार्ल्स मूर नावाचा नाविक १९९७ मध्ये नौकाशर्यतीहून परतताना त्यातून गेला आणि बोभाटा झाला. कित्येकांची समजूत असते की तिथे प्लास्टिकचे बेट आहे, त्यावर चालता येते. तसे काही नाही. २०१८ च्या मोजणीनुसार १६ लाख चौरस किलोमीटरमध्ये, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट क्षेत्रात, निदान ७९ हजार टन प्लास्टिक आहे आणि त्यात जवळजवळ निम्मी मासेमारीची जाळी. शेतकऱ्याच्या हिशेबात सांगायचे तर उतारा एकरी दोनशे ग्रॅम. एवढ्या उताऱ्यावर मळणीयंत्र सोडा, विळाही कोणी बाहेर काढणार नाही. तो पट्टा साफ करणे इतके अवघड का, याचे उत्तर या दोनशे ग्रॅममध्ये आहे.

आदर्श उमेदवार म्हणून १० जानेवारी १९९२ ची तुकडी अभ्यासावी. त्या दिवशी प्रशांत महासागरात वादळात एका मालवाहू जहाजावरचा कंटेनर पडला आणि आंघोळीच्या वेळी खेळायची २८,८०० खेळणी पाण्यात सुटली: पिवळी बदके, लाल बीव्हर, निळी कासवे, हिरवे बेडूक. काही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अलास्कात सिट्का इथे किनाऱ्याला लागली. कर्टिस एबस्मायर या समुद्रशास्त्रज्ञाने त्यांच्या सापडण्याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवून प्रवाह तपासले. विद्यापीठात न जाता विज्ञानाला एवढा हातभार बदकांनीच लावला.

आपल्या महासागरात यशस्वी व्हायचे तर चप्पल उत्तम. ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीतल्या कोकोस (कीलिंग) बेटांवर साधारण सहाशे माणसे राहतात. तिथल्या किनाऱ्यांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४१ कोटींहून जास्त तुकड्यांचा अंदाज निघाला, त्यात ९ लाख ७७ हजार पायताणे. माणशी दीड हजाराच्या वर. जोड मात्र जुळण्याची आशा धरू नये.

अडचणी आणि उपाय

*अडचण: माल पोहोचल्याची पावती मिळत नाही.*
उपाय: नाही. समुद्रात गेलेले प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होते आणि तुकड्यांचे तुकडे होत जाते. पत्ता तर सोडाच, कंपनीचे नावही राहत नाही. पावती मिळालीच तर ती वेगळ्या रूपात, मिठाच्या पुडीतून वगैरे.

*अडचण: माल जड होऊन बुडाला.*
उपाय: त्यावर शेवाळ आणि शिंपल्या वाढल्या असणार. काळजी नको. बुडाला म्हणजे संपला असे नव्हे, तो फक्त मोजणीतून सुटला.

*अडचण: आम्ही काही टाकत नाही, वाऱ्याने उडून जाते.*
उपाय: उत्तम पद्धत. समुद्रापर्यंत आलेल्यांपैकी पुष्कळजण याच मार्गाने आले आहेत.

*अडचण: सगळ्या पायऱ्या पाठ केल्या, पण घरच्यांनी बाटलीला झाकण घट्ट लावले, दुधाच्या पिशव्या कोपरा न तोडता धुऊन एका पोत्यात भरल्या आणि पोते भंगारवाल्याला दिले.*
उपाय: इथे आमचा नाइलाज आहे. पृथ्वीचे फिरणे, मोसमी वारे, व्यापारी वारे, पुराचे पाणी आणि सर्वोच्च न्यायालयाने उघडे ठेवायला लावलेले १४ दरवाजे, हे सगळे मिळूनसुद्धा घरातल्या पोत्यातून एक झाकण बाहेर काढू शकत नाहीत. त्यांना फक्त नालीत आलेले उचलता येते. शिवाय ते पोते जिथे जाते तिथे वेगळाच प्रकार चालतो. कारखान्यात बाटल्यांचा चुरा करून पाण्याच्या हौदात सोडतात. पेट तळाला बसते, झाकणांचा चुरा वर येऊन तरंगतो, आणि तो तरंगलेला माल गोळा करून त्याचे पैसे होतात. प्रवाहाचा सगळा धडा दहा फुटांच्या हौदात उरकतो. असल्या घरातल्या माणसाने समुद्राचा नाद सोडलेला बरा.